चार जणांची भाऊबीज

पैसे मोजून खेडं बघायला जायचं, असं ऋषी म्हणाला तेव्हा मला वाटलं पोरगं चेष्टा करतंय. ऋषी माझा मुलगा, पुण्यात कंपनीत आहे. कोजागिरीनंतरच्या रविवारी तो गाडी घेऊन खोडदला आला. सोबत सूनबाई आणि माझी नात अक्षदा. मला वाटलं, आता दोन दिवस घर भरलेलं राहील. मी गवळ्याला दुधाचं जास्तीचं सांगून ठेवलं होतं. तर ही मंडळी गाडीतून पुरती उतरायच्या आधीच म्हणाली, "अण्णा, आवरा पटकन. थीम पार्कला जायचंय."

"कसलं पार्क?"

"व्हिलेज थीम पार्क. अक्षदाला शाळेत गावावर प्रोजेक्ट दिलाय."

"आरं, मग ह्ये काय हाय?" मी अंगणात उभा राहून चहूकडं हात फिरवला. मागं गोठा, पुढं कांद्याचं रोप, पलीकडं रेडिओ दुर्बिणीच्या त्या भल्यामोठ्या तबकड्या आभाळाकडं तोंड करून बसलेल्या. "ह्ये गाव न्हाई व्हय?"

"इथं ॲक्टिव्हिटीज नाहीत, अण्णा."

हे मात्र खरं होतं. बायको गेली त्याला पाच वर्षं झाली. तेव्हापासून माझ्या घरात सकाळी चहा आणि संध्याकाळी बातम्या एवढीच ॲक्टिव्हिटी. भांडायचं म्हटलं तरी माणूस नाही. बातम्या देणाऱ्या बाईशी भांडतो मी कधी कधी, पण ती ऐकत नाही.

गेलो. हायवेला कळंब ओलांडलं की आत एक फाटा जातो, त्यावर हे सोनवेल थीम व्हिलेज. बाहेर ऑक्टोबरचं ऊन नुसतं भाजून काढत होतं आणि आत सिमेंटचा वड उभा होता. वडात स्पीकर बसवलेला, त्यातून पाखरं ओरडत होती. विहिरीत दीड फूट पाणी आणि तळाला फरशी. बैलांच्या शिंगांना ऑइलपेंट. मी गाडीवानाला विचारलं, "शिंगं कशापायी रंगवली? पोळा कवाच झाला." तो म्हणाला, "आमच्याकडं रोज पोळा असतो, बाबा." बैल मात्र माझ्याकडं बघत होता.

अक्षदानं जातं तीन वेळा फिरवलं आणि टाळ्या वाजवल्या. ऋषीनं व्हिडिओ काढला. तसलंच जातं आमच्या तुळशीजवळ पालथं पडलंय, पण त्याच्यापाशी लाइन नसते ना.

शेवटी एक घर होतं. दारावर पाटी, 'पाटलाचं घर'. उंबऱ्यावर नऊवारी नेसलेली एक बाई ताट घेऊन उभी होती, चाळिशी ओलांडलेली, हसरी. तिनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं, ओवाळलं. "या दादा. उन्हाचं आलात. घर आपलंच हाय." आत चुलीवरची भाकरी, पिठलं, ठेचा. चांगलं होतं, उगाच खोटं कशाला बोलू. आणि निघताना ती बाई मला म्हणाली, "आता भाऊबीजेला या हं दादा. वाट बघते."

ऋषी गाडीत बसल्यावर म्हणाला, "अण्णा, तुम्हाला आवडलं ना? तुम्ही एकदम गप्प झालात." मी म्हटलं, ऊन लागलं. त्याच संध्याकाळी ती तिघं पुण्याला गेली. जास्तीचं दूध मी विरजून टाकलं.

आता खरं काय ते सांगतो. माझी थोरली बहीण सरू निरगुडसरला दिलेली. आई लहानपणी गेली, मला तिनंच वाढवलं. मी कळता झाल्यापासून दर भाऊबीजेला निरगुडसर, हे ठरलेलं. गेल्या आषाढात सरू वारली. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा अशी भाऊबीज येणार होती की मला कुठंही जायचं नव्हतं. दिवाळी जवळ यायला लागली तसं मला धसकाच बसला. कपाळ कोरडं राहणार, याचं सत्तरीला टेकलेल्या माणसाला एवढं काय वाटावं? पण वाटत होतं. आणि अशात एक बाई म्हणाली, वाट बघते.

आमच्याकडं बाईमाणूस एखाद्याला भाऊबीजेला ये म्हणाली, तर ते बोलणं हवेत सोडून देत नाहीत. मानलेली बहीण असली तरी भाऊ जातो, चोळीबांगडी घेऊन जातो. मला काही कळत नव्हतं असं नाही. ते पार्क होतं, तिकीट होतं, सगळं डोळ्यांनी बघितलं होतं. पण 'वाट बघते' हे शब्द तिकिटाच्या दरात बसत नाहीत, असं मी स्वतःला पटवलं. एकट्या माणसाला स्वतःला पटवायला फार वेळ लागत नाही, विरोध करणारं कुणी नसतं.

ऋषी भाऊबीजेला त्याच्या मेहुण्याकडं जाणार होता. मी एक शब्द बोललो नाही. नारायणगावात जाऊन हिरवी, रुंद काठाची साडी घेतली. दुकानदार म्हणाला, "बहिणीला का?" मी म्हटलं, "व्हय." आणि भाऊबीजेच्या दिवशी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून एसटीनं फाट्यावर उतरलो. तीच एसटी पुढं मंचरला जात होती, जिथून निरगुडसरची गाडी मिळते. ती निघून जाईपर्यंत मी तिच्याकडं पाठ करून उभा राहिलो.

तिकिटाच्या खिडकीत एक पोरगी बसली होती. "किती जण?"

"मी एकटाच."

"आज भाऊबीज पॅकेज आहे, आजोबा. फॅमिली पॅकेज. मिनिमम चार."

"मला खेळायबिळायचं न्हाई. मला बहिणीकडं जायचंय."

"कोण बहीण?"

इथं माझी पंचाईत झाली. नाव मी विचारलंच नव्हतं. ज्या बहिणीसाठी साडी घेऊन आलो तिचं नाव मला ठाऊक नव्हतं. "ती पाटलाच्या घरात असती ती," मी म्हणालो. "उंबऱ्यावर उभी असती."

"अच्छा, रत्नाताई. स्टाफचे पाहुणे होय? मग मागच्या गेटनं जा."

अशा रीतीनं मी पाटलाच्या घरात मागच्या दारानं गेलो. मागं पत्र्याची शेड होती. दोरीवर नऊवाऱ्या वाळत घातलेल्या. चार-पाच बायका डबे उघडून जेवत होत्या. एकजण मोबाइलवर कुणाला तरी रागावत होती. रत्नाबाई पंजाबी ड्रेसमध्ये बसली होती. तिचं जेवण झालं होतं, हातात थर्मासचा चहा. मी तिला लगेच ओळखलं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि तिला काहीच ओळख पटली नाही.

"कोन पावणं?"

"मी खोडदचा कुंडलिक. तुमी म्हनला व्हता, भाऊबीजेला या म्हनून."

शेडमधल्या दोघीतिघी फिसकन हसल्या. रत्नाबाई हसली नाही. तिनं माझ्या हातातल्या पिशवीकडं बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला.

"बसा, बाबा," ती म्हणाली. उंबऱ्यावर मी दादा होतो, शेडमध्ये बाबा झालो. "बाबा, ते आमाला पाठ करायला दिलंय. जातानी प्रत्येकाला म्हनायचं. भाऊबीजेचं पॅकेज खपावं म्हनून. दिसाला चारशे मानसं येत्यात. माझी चूक झाली असंल तर..."

"न्हाई न्हाई. तुमची कशाची चूक."

"त्यात साडी हाय का?"

मी मान हलवली.

"घेता येनार न्हाई. गेस्टकडनं सुपारीबी घेतली तर कामावरनं काढत्यात." मग म्हणाली, "आन खरं सांगू का? आमच्यात भाऊबीज करतच न्हाईत. आमी बौद्ध. माझ्या आजेसासऱ्यानं छप्पन साली दीक्षा घेतली, तवापासनं घरात ह्यातलं काय न्हाई. आमचा मोठा दिस दसऱ्याचा. ह्ये ओवाळायला मला हितं आल्यावर ट्रेनिंगमधी शिकवलं. आधी ताट उलटं फिरवायची मी." आता ती हसली. "हितं मी पाटलीण हाय. माझी सासू म्हनती, बघा, पगारी का होईना, वाड्यात गेलीस."

त्या पार्कात वड होता, पार होता, पाटलाचं घर होतं, पण तिचं घर त्या गावात कुठं आहे हे कुणी मांडलेलं नव्हतं. आमच्या गावात ते कुठं आहे ते मला माहीत आहे, आणि सत्तर वर्षांत मी तिथं चहा प्यायलो नाही हेही माहीत आहे. कुणी नको म्हटलं नव्हतं. मी गेलोच नाही. तिनं थर्मासच्या झाकणात चहा ओतून माझ्यापुढं केला. आलं घातलेला होता. मी प्यायलो.

"तुमाला बहीण न्हाई का?" तिनं विचारलं.

"व्हती. आषाढात गेली."

"आरारा. मंग ह्यो पयलाच सण. गेल्या साली गेला असाल की."

हा प्रश्न मला चार महिन्यांत कुणी विचारला नव्हता. भाच्यानंसुद्धा नाही. तो हे बोलून दाखवत नाही म्हणूनच मी निरगुडसरला जायचं टाळत होतो. दहाव्याला गेलो, तेव्हाही खाली मान घालून बसलो आणि पहिल्या गाडीनं परत आलो.

"न्हाई गेलो," मी म्हणालो. "बेल्ह्याचा एक व्यापारी गाय बघायला यायचा व्हता. सकाळी येतो म्हनला आन आला चार वाजता. मग म्हनलं आता अंधार पडंल, उद्या जाऊ. दुसऱ्या दिवशी कांदा लावायला बाया मिळाल्या. आपल्याकडं तुळशीच्या लग्नापातुर भाऊबीज चालती. म्हनून मी निवांत. मग तुळशीचं लगीनबी झालं. सरूला फोन केला, तर ती म्हनली, असू दे, पुढल्या साली ये."

रत्नाबाईनं काही शहाणपणा शिकवला नाही. नाहीतर आमच्यात अशा वेळी लोक लगेच म्हणतात, जाऊ द्या, नशीब. ती थर्मास बंद करत म्हणाली, "दोन वाजता माझी ड्युटी हाय. लायनीत या. मी ओवाळीन. पर तेवढ्यानं काय व्हईल, मला ठावं न्हाई."

मला तरी कुठं ठाऊक होतं. पण आता आलोच होतो, आणि मागं फिरायला घर एकच होतं, ज्यात कुणी नव्हतं. मी परत पुढच्या खिडकीशी गेलो आणि चार तिकिटं मागितली. पोरीनं वर बघितलं. "भेटली बहीण?" मी म्हटलं, "भेटली." तिनं माझ्या मनगटाला चार रंगीत पट्ट्या बांधल्या. त्या एकावर एक बसेनात, म्हणून शेवटच्या दोन दुसऱ्या हाताला.

लाइन मोठी होती. पुढं एक घर होतं, सहा-सात माणसांचं, त्यांच्यातली बहीण-भावंडं एकमेकांच्या डोक्यावर टपल्या मारत होती. मागं एक जोडपं, त्यांचं बाळ माझ्या पिशवीतली साडी ओढत होतं. मी ओढू दिली. उंबऱ्याजवळ पाटी होती, 'ओवाळणी पॅकेजमध्ये समाविष्ट आहे. कृपया ताटात काही टाकू नये.' मला एवढा राग आला की ती पाटी उपटून त्या फरशीच्या विहिरीत टाकावीशी वाटली. ओवाळून घ्यायचं आणि ताटात काही टाकायचं नाही? मग ती बहीण कसली आणि भाऊ कसला? पण लाइन सरकली आणि मीही सरकलो.

रत्नाबाई आता पुन्हा नऊवारीत होती. तिनं कुंकू लावलं, अक्षता लावल्या. ताट तीन वेळा, सुलटं, सावकाश फिरवलं. पुढच्या प्रत्येकाला ती "पुढच्या साली या हं दादा, वाट बघते" म्हणत होती. मला ती काहीच म्हणाली नाही. नुसती मान खाली केली. मला ते बरं वाटलं आणि लागलंही.

पार्कातला फोटोग्राफर म्हणाला, "काका, फॅमिली फोटो पॅकेजमध्ये आहे. बाकीचे कुठंयत?"

"मागनं येत्यात," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

एकदा म्हटल्यावर ते निभवावं लागतं. जेवणाच्या मांडवात वाढप्यानं माझ्या हातांवरच्या पट्ट्या मोजल्या आणि चार पाट मांडले, चार ताटं, भोवती रांगोळी. मी एका पाटावर बसलो. "बाकीची मंडळी येऊ द्या, मग वाढतो," तो म्हणाला. "आधी वाढली तर पोळी गार होते."

मी बसून राहिलो. शेजारच्या पंगतीत पुरणपोळ्यांवर तूप पडत होतं, कुणाला बासुंदीचा आग्रह चालला होता. मांडवाच्या तोंडाशी कुणी आलं की वाढप्या माझ्याकडं बघायचा आणि मी मान हलवायचो, ही नव्हेत. थोड्या वेळानं मीच तोंडाशी बघायला लागलो. गंमत बघा, येणार कुणी नव्हतं हे मला पक्कं माहीत होतं, आणि तरी सावली पडली की मान वळायची. दहा मिनिटं झाली, वीस झाली. त्या तीन रिकाम्या ताटांकडं बघवेना.

आणि मग मला एकदम कळलं. गेलं वर्षभर मला मी न गेल्याचं दुःख होतं. सरू त्या दिवशी पाट मांडून बसली असेल, हे मात्र माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. मी सगळा वेळ माझ्याच कपाळाचा विचार करत होतो.

मी फोन काढला आणि ज्योत्स्नाला लावला. ज्योत्स्ना म्हणजे सरूची सून. सरूजवळ शेवटपर्यंत तीच होती.

"मामा? आवं, कुठं हाये तुमी? आमी म्हनलं आज पयला सण म्हनून तरी याल."

"ज्योत्स्ना, एक ईचारायचं व्हतं. मागल्या भाऊबीजेला सरू किती वाजता जेवली?"

तिकडून नुसता म्हशीच्या गळ्यातल्या साखळीचा आवाज येत राहिला. "मामा, आता कशाला त्ये?"

"तू सांग."

"जेवल्या न्हाईत त्या," ज्योत्स्ना म्हणाली. "दिवे लागनीपातुर वट्यावर बसून व्हत्या. आत या म्हनलं तर म्हनायच्या, यील यवढ्यात. मंग तुमचा फोन आला, उद्या येतो म्हनून. तर दुसऱ्या दिवशी परत आंघूळ करून, नवं लुगडं नेसून ताट केलं. मंग रोजच करायला लागल्या. ह्ये चिडायचे. त्या म्हनायच्या, तुळशीच्या लग्नापातुर चालती भाऊबीज, त्यो काय न सांगता यायचा एखाद्या दिशी, आन ताट तयार नसलं तर? धा दिस केलं, मामा. तुमाला सांगू नगा म्हनल्या व्हत्या."

पिशवीतली साडी मांडीवर घट्ट धरून बसलो होतो, एवढं आठवतं. निरगुडसर तिथून फार लांब नव्हतं. फाट्यावर उभं राहिलं तर तासाभरात ज्योत्स्नाच्या ओट्यावर पोचलो असतो. पण त्याच ओट्यावर पाय द्यायचा होता, आणि माझे पाय उचलेनात.

"मामा, आयकताय ना? येता का मंग? ह्ये आनायला येत्याल मंचरात."

"न्हाई जमायचं आज," मी म्हणालो.

"एकटंच हाये का घरी? जेवलात का?"

"घरी न्हाई. बाहेर आलोय पार्कात. समदी हायेत बरोबर," मी म्हणालो. "चार ताटं मांडल्यात."

"बरं झालं," ज्योत्स्ना म्हणाली. तिला खरंच बरं वाटलं असावं, तिचा आवाजच मोकळा झाला. "मला सारखं वाटत व्हतं, आज मामा एकटं असतील. जेवा मंग सावकाश. पोरांना आशीर्वाद सांगा."

फोन ठेवल्यावर मी वाढप्याला हात केला. त्यानं मांडवाच्या तोंडाकडं एकदा बघितलं, मग माझ्याकडं, आणि काही न विचारता एका ताटात वाढलं. पोळी गार झाली होती. मी पानात काही टाकलं नाही.